बिग मॅकसारखा बर्गर सॉस घरी करायचा तर

आपल्याकडे बर्गर सॉस करायचा म्हणजे वाटीत मेयोनीज घ्यायचं, त्यावर केचप पिळायचा आणि सगळं गुलाबी होईपर्यंत ढवळायचं. वाईट लागत नाही ते. फ्राइजबरोबर तर मस्तच लागतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात ह्याच जोडगोळीला फ्राय सॉस म्हणतात आणि तिथे त्याचं भलतं कौतुक आहे. पण मॅकडोनाल्ड्सच्या बिग मॅक बर्गरच्या धर्तीचा सॉस हवा असेल तर केचपची बाटली फ्रिजमध्येच राहू द्या. त्या सॉसला रंग मिरचीचा असतो आणि आंबटगोडपणा येतो तो व्हिनेगरमध्ये मुरलेल्या काकडीतून. टोमॅटोचा त्यात संबंधच नाही.

नमनाला घडाभर तेल नको, तेल पुढे मेयोनीजला लागणारच आहे. तरी थोडी पूर्वपीठिका हवी. पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउन गावी जिम डेलिगाटी नावाच्या गृहस्थांनी १९६७ साली त्यांच्या मॅकडोनाल्ड्समध्ये बिग मॅक विकायला सुरुवात केली आणि १९६८ मध्ये तो सगळ्या अमेरिकेत गेला. त्यातला ‘स्पेशल सॉस’ अनेक वर्षं गुपित म्हणून मिरवला गेला. मग २०१२ मध्ये कंपनीच्या कॅनडा शाखेने स्वतःच एक व्हिडिओ काढला. त्यात शेफ डॅन कुड्रो यांनी दुकानात सहज मिळणाऱ्या जिनसांतून तसा सॉस करून दाखवला: मेयोनीज, काकडीचं गोड रेलिश (म्हणजे बारीक चिरलेल्या काकडीचं आंबटगोड लोणचं), पिवळी मस्टर्ड (मोहरीचा सौम्य सॉस), व्हाइट वाइन व्हिनेगर, कांद्याची पावडर, लसणाची पावडर आणि पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड). बस्स, इतकंच. कारखान्यात तयार होणाऱ्या सॉसमध्ये टिकवण्यासाठी आणि दाटपणासाठी आणखी काही असतं, पण चवीचा सांगाडा हाच.

भारतात मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये आलं ते गोमांस वगळूनच. त्यामुळे इथे बिग मॅकऐवजी महाराजा मॅक मिळू लागला. मूळ सॉसची चव आपल्यापैकी बहुतेकांच्या जिभेवर बसते ती परदेशी गेल्यावर, किंवा तिकडून आलेल्या भाच्या-पुतण्यांनी ‘तिथल्यासारखा लागत नाही’ म्हणून नाक मुरडल्यावर.

हा सॉस असतो कशासाठी

पाककृतीकडे वळण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, कारण पुढची सगळी प्रमाणं तिच्यावर बेतलेली आहेत. हा सॉस नुसता खाण्यासाठी नाही. पाव गोडसर, पॅटी तेलकट किंवा पिठूळ, चीज खारट. ह्या सगळ्यांना कापत जाणारा आंबटपणा आणि सगळ्यांना बांधून ठेवणारा ओलावा, ही त्याची दोन कामं. म्हणून चमच्यावर घेऊन चाखल्यावर ‘वा, काय छान’ वाटलं, तर तो बर्गरमध्ये हरवणार असं समजा. चमच्यावर तो किंचित जास्त आंबट आणि किंचित जास्त खारट लागला पाहिजे. चाखायचाच असेल तर भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर, पॅटीचा कोपरा मोडून त्याबरोबर चाखा.

दुसरं, मूळ सॉस गोमांसाच्या पॅटीसाठी बेतलेला आहे. तिची चरबी तोंडात पसरते आणि सॉसचा आंबटपणा ती तोडतो. आपली पॅटी बहुधा बटाट्याची. बटाट्यात चरबी नाही, पिठूळपणा आहे, आणि पिठूळ पदार्थ चव गिळून टाकतात. तेव्हा आलू टिक्कीसाठी सॉस करताना आंबट वाढवा आणि गोड कमी करा. मटण खिम्याची पॅटी असेल तर मूळ प्रमाण जसंच्या तसं चालतं. चिकन ह्या दोघांच्या मधलं.

साहित्य

साधारण दहा-बारा बर्गरना पुरेल इतका सॉस होतो. लहान चमचा म्हणजे ५ मिली, मोठा चमचा म्हणजे १५ मिली.

- मेयोनीज २०० ग्रॅम
- काकडीचं रेलिश, घट्ट पिळून, ३ मोठे चमचे
- पिवळी मस्टर्ड १ मोठा चमचा
- पांढरं व्हिनेगर दीड लहान चमचा (बटाट्याच्या पॅटीसाठी अडीच)
- कांद्याची पावडर १ लहान चमचा
- लसणाची पावडर अर्धा लहान चमचा
- ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड १ लहान चमचा
- कोमट करायला तेल १ मोठा चमचा
- मीठ आणि पिठीसाखर, शेवटी लागलीच तर

सगळं विकतचं आणलंत तर काम दहा मिनिटांचं आहे. पण मेयोनीज, रेलिश आणि मस्टर्ड ह्या तीन गोष्टी घरी करता येतात, आणि त्यातलं निदान रेलिश तरी घरी करावं असं माझं ठाम मत आहे.

मेयोनीज: विकतचं, दुधाचं की अंड्याचं

विकत घेणार असाल तर बाटली उलटी करून मागची यादी वाचा. जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. तेल पहिलं असावं. पाणी पहिलं असेल तर दाटपणा तेलातून येत नाही, स्टार्च आणि गमातून येतो. यादीत ४१५ दिसलं की ते झँथन गम, १४२२ किंवा १४४२ दिसलं की ते प्रक्रिया केलेलं स्टार्च. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण अशा मेयोनीजचा सॉस जिभेवर खळीसारखा बसतो. साखर यादीत वरच्या बाजूला असेल तर रेलिशमधली साखर अर्धी करा. आपल्याकडची व्हेज मेयोनीजं बऱ्यापैकी गोड असतात आणि घरचा सॉस ‘मिठाईसारखा’ लागण्याचं ते पहिलं कारण.

घरी अंड्याशिवाय करायचं तर दुधाचं मेयोनीज उत्तम. पोर्तुगालमध्ये ते सर्रास करतात. मेयोनीज म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवणं. अंड्यात हे काम बलकातलं लेसिथिन करतं, दुधात केसीन नावाचं प्रथिन करतं. फुल क्रीम दूध उकळून, साय काढून, फ्रिजमध्ये अगदी गार करा. १०० मिली दूध, २०० मिली तेल, अर्धा लहान चमचा मीठ हे सगळं उंच, अरुंद भांड्यात एकत्र घ्या. हँड ब्लेंडरचं डोकं तळाला टेकवा आणि चालू करा. पहिले काही सेकंद तो हलवायचाच नाही. खालून पांढरे लोट वर यायला लागले आणि तळ घट्ट झाला की मग हळूहळू वर उचला. वर राहिलेलं तेल खाली ओढलं जाईल आणि आवाज बदलेल, पातळ खळखळीचा जाड घरघर होईल. आता १ मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला आणि पुन्हा दोन-चार सेकंद फिरवा. आंबट आधी घालू नका, शेवटी घाला; ते पडल्यावर मेयोनीज आणखी आळतं.

हँड ब्लेंडर नसेल तर मिक्सर चालतो, फक्त दोन अडचणी आहेत. चटणीच्या भांड्याच्या झाकणाला बहुधा भोक नसतं, त्यामुळे चालू मिक्सरमध्ये तेलाची धार सोडता येत नाही; आणि मोटरच्या गरमीने दूध तापलं की सगळं फाटतं. त्यावर उपाय म्हणजे भांडं, दूध आणि तेल तिन्ही आधी फ्रिजमध्ये ठेवा, तेल मोठ्या चमच्याने थोडं थोडं घाला, प्रत्येक वेळी झाकण लावून पाच-सहा सेकंद फिरवा आणि थांबा. निम्मं तेल गेल्यावर मिश्रण दाट व्हायला लागतं, तिथून पुढे दोन-दोन चमचे घातले तरी चालतं.

तेल कोणतं? सूर्यफुलाचं किंवा रिफाइंड सोयाबीनचं, म्हणजे ज्याला वास नाही असं. घाण्याचं शेंगदाणा तेल मला इतर कशालाही चालेल, पण ह्यात नको. सॉसला दाण्याच्या कुटाचा वास येतो. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल ब्लेंडरमध्ये जोरात फिरलं की कडू होतं. मोहरीच्या तेलाचं नाव काढू नका.

अंड्याचं करायचं तर कच्चा बलक वापरू नका. कच्च्या अंड्यातल्या साल्मोनेला जिवाणूंचा धोका आपल्या हवेत जास्तच, आणि म्हणूनच तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एकेक वर्षाची बंदी घातली. घरी ह्यातून मार्ग सोपा आहे. दोन बलक, २ मोठे चमचे लिंबाचा रस, २ मोठे चमचे पाणी आणि अर्धा लहान चमचा साखर लहान जाड बुडाच्या भांड्यात घ्या. अगदी मंद आचेवर सतत ढवळत राहा. मिश्रण दाटून चमच्याला धरायला लागेल आणि कडेला एखाददुसरा बुडबुडा दिसेल, की लगेच खाली उतरवा. थर्मामीटर असेल तर ७१ अंश सेल्सिअस बघा. चार-पाच मिनिटं निवू द्या, मग अर्धा लहान चमचा मीठ आणि थोडी मस्टर्ड घालून ब्लेंडरमध्ये २४० मिली तेल बारीक धारेने घालत फिरवा. बलक शिजलेला असूनही मेयोनीज छान धरतं. आच मोठी झाली तर मात्र भांड्यात अंड्याची भुर्जी.

मेयोनीज फाटलं, म्हणजे तेल वेगळं होऊन दह्यासारखे कण दिसले, तर टाकू नका. स्वच्छ भांड्यात दोन मोठे चमचे गार दूध (अंड्याच्या मेयोनीजसाठी वर सांगितल्यासारखा शिजवलेला एक बलक) घ्या आणि फाटलेलं मिश्रण त्यात चमचा-चमचा घालत पुन्हा फिरवा. बहुतेक वेळा सावरतं.

रेलिश: ह्याला फाटा देऊ नका

गंमत बघा. लोणच्याच्या छोट्या काकड्या, म्हणजे घेरकिन, निर्यात करण्यात भारत जगात आघाडीवर आहे. कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र, तेलंगणात शेतकरी कंपन्यांशी करार करून त्या पिकवतात आणि त्या पिंपंच्या पिंपं परदेशी जातात. आपल्या किराणा दुकानात मात्र घेरकिनची बाटली मागितली तर दुकानदार वरच्या फळीवरची धूळ झटकायला लागतो. बाटली मिळाली तर उत्तम: चार-पाच घेरकिन अगदी बारीक चिरा, पिळा, चमचाभर साखर घालून ठेवा, झालं रेलिश.

नाही मिळाली तर साधी काकडी. २५० ग्रॅम कोवळी काकडी घ्या. बिया जून असतील तर चमच्याने खरवडून काढा. साल ठेवा, हिरवे ठिपके त्यातूनच येतात. आता सुरीने तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे करा. किसू नका, कोचवूही नका. किसलेल्या काकडीची कोशिंबीर होते आणि सॉसमध्ये ती लगदा होऊन बसते. १ लहान चमचा मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा, मग पातळ फडक्यात बांधून पिळा. पंचा पिळतो तसा जोर लावा. जितकं पाणी इथे जाईल तितकं नंतर सॉसमध्ये सुटणार नाही.

पातेलीत ४ मोठे चमचे पांढरं व्हिनेगर, ३ मोठे चमचे साखर, चिमूट हळद आणि अर्धा लहान चमचा मोहरी उकळा. साखर विरघळली की काकडी घाला आणि मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं, पाक चिकटसर होऊन काकडीला धरेपर्यंत शिजवा. काकडी पारदर्शक दिसायला लागते, पण दाताखाली कुरकुरीत राहायला हवी. गार करून बाटलीत भरा. दुकानात मिळणारं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुधा सिंथेटिक असतं, आंबटपणा साधारण ४ टक्के. त्याने काम भागतं. सफरचंदाचं व्हिनेगर वापरलंत तर चव जरा गोलाईदार येते, पैसे जास्त जातात.

सॉसमध्ये घालण्याआधी रेलिश चाळणीत निथळवा आणि चमच्याच्या पाठीने दाबा. निथळलेलं पाणी फेकू नका. शेवटी सॉस दाट वाटला तर पातळ करायला तेच वापरायचं.

मोहरी

अमेरिकेतली पिवळी मस्टर्ड सौम्य असते. ती पांढऱ्या मोहरीची, व्हिनेगरमध्ये वाटलेली, आणि तिचा झगझगीत पिवळा रंग हळदीचा. तिचा तिखटपणा जिभेवर राहतो. आपल्या काळ्या-तपकिरी मोहरीचा थेट नाकात जातो. म्हणून बंगाली कासुंदी ह्या सॉसमध्ये घातली की सगळा डाव तीच जिंकते. कासुंदीत मोहरीचं तेलही असतं, ते वेगळंच.

ज्यांच्या घरी कधी मोहरी फेसली गेली आहे त्यांना इथलं शास्त्र आधीच ठाऊक आहे. मोहरी पाण्याबरोबर वाटून फेसली की नाकात झिणझिण्या येतात, कारण दाणा फुटून पाणी लागल्यावर त्यातलं एंझाइम जागं होतं आणि तिखट द्रव्य तयार करतं. आंबट आणि उष्णता ह्या दोन्ही गोष्टी त्या एंझाइमला आवरतात. सॉससाठी आपल्याला नेमकं हेच, आवरलेलं तिखट हवं आहे. तेव्हा कैरीच्या लोणच्याला लागते ती मोहरीची डाळ २ मोठे चमचे घ्या आणि कोरडीच बारीक पूड करा. पाणी न लावता थेट २ मोठे चमचे व्हिनेगरमध्ये कालवा, मग १ मोठा चमचा पाणी, पाव लहान चमचा मीठ, अर्धा लहान चमचा साखर आणि चिमूट हळद घाला. मंद आचेवर पाच मिनिटं ढवळत दाट करा. ताजी असताना ती कडवट लागते, त्याने हिरमुसू नका. रात्रभर झाकून ठेवली की कडवटपणा उतरतो. उरलेली सँडविचला लावा.

पावडरी आणि रंग

ताजा कांदा-लसूण घातला तर काय बिघडतं? पहिल्या तासात काहीच नाही, उलट छान लागतं. दुसऱ्या दिवशी कच्च्या लसणाचा उग्रपणा सगळीकडे पसरतो, कांद्याला पाणी सुटतं आणि सॉसला कालच्या कोशिंबिरीचा वास येतो. शिवाय कच्चा लसूण तेलात बुडवून ठेवणं टिकण्याच्या दृष्टीनेही बरं नाही. पावडर घ्या. पांढरा कांदा वाळवायचे मोठे उद्योग गुजरातेत महुव्याला आणि आपल्याकडे जळगावला आहेत, त्यामुळे कांद्याची पावडर आता दुर्मीळ राहिलेली नाही. पावसाळ्यात तिचे दगडासारखे गोळे होतात. गोळा मिक्सरमध्ये फिरवा आणि चाळून घ्या, नाहीतर सॉसमध्ये एखाद्याच्या घासात नेमका तो गोळा येणार. पावडर मिळालीच नाही तर बिर्याणीसाठी तळतो तसा कुरकुरीत कांदा चुरून घाला. चव वेगळी होते, जरा गोड आणि खमंग, पण वाईट नाही.

रंगासाठी पाप्रिकाच्या जागी ब्याडगी. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची ही सुरकुतलेली मिरची रंगाला गडद आणि तिखटाला बेताची. पण तिची पूड थेट मेयोनीजमध्ये टाकली तर लाल ठिपके दिसतात आणि कच्चट चव येते. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. १ मोठा चमचा तेल कढल्यात कोमट करा, गॅस बंद करा, मग पूड घाला आणि हलवा. तेल धुरावत असेल तर पूड काळी पडून कडू होईल. बोट सहन करेल इतपतच गरम हवं. दहा मिनिटांत तेल गडद नारिंगी होतं. गार झाल्यावरच वापरा, कारण गरम तेल मेयोनीज फाडतं. धुरकट चव आवडत असेल तर स्मोक्ड पाप्रिकाची चिमूट चालेल, पण मग तो बार्बेक्यूच्या दिशेला झुकतो.

मिसळणं आणि मुरवणं

इथून पुढे मिक्सरला हात लावू नका. काचेच्या किंवा स्टीलच्या वाडग्यात आधी व्हिनेगर, मस्टर्ड, कांदा-लसूण पावडर एकत्र कालवा आणि पाच मिनिटं ठेवा. कोरडी पावडर सरळ मेयोनीजमध्ये गेली तर ती नीट भिजत नाही आणि जिभेला रवाळ लागते. मग मेयोनीज घाला, हाताने फेटा. मिरचीचं तेल वरून घालून रंग एकसारखा होईपर्यंत फेटा. सर्वात शेवटी रेलिश घालून चमच्याने हलकेच एकत्र करा.

रंग आंब्याच्या कच्च्या साठासारखा, पिवळट केशरी आला पाहिजे. तांबडा आला तर मिरची जास्त झाली.

लगेच चाखलात तर निराशा होईल. व्हिनेगर वेगळं, मोहरी वेगळी, लसूण वेगळा अशी प्रत्येक चव आपापल्या कोपऱ्यात उभी असते. झाकण लावून फ्रिजमध्ये निदान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवा. पावडरी फुगतात, सॉस किंचित दाटतो आणि चवी एकजीव होतात. पाहुणे रविवारी येणार असतील तर सॉस शनिवारी करा. मीठ आणि साखर मुरल्यावरच ठरवायची. विकतचं मेयोनीज वापरलं असेल तर मीठ बहुधा लागतच नाही. चिमूटभर अजिनोमोटो घातलं तर चव ‘दुकानातल्यासारखी’ येते. घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मुरल्यानंतर काही खटकलं तर असं बघा. गोड जास्त झाला तर व्हिनेगरचे थेंब आणि चिमूट मीठ. साखर काढता येत नाही, पण झाकता येते. फार आंबट झाला तर आधी दोन चमचे मेयोनीज, साखर नंतर. पाणी सुटलं तर रेलिश नीट पिळलं नव्हतं; वरचं पाणी टिपकागदाने टिपा आणि ढवळून त्याच दिवशी संपवा. कडवट लागला तर तेल, मोहरी नाहीतर करपलेली मिरची, तिघांपैकी कोण ते चाखून कळतं. पातळ झाला तर तासभर आणखी फ्रिजमध्ये ठेवून बघा. गार झाल्यावर पुष्कळदा आपोआप सुधारतो.

बर्गर बांधताना

दुकानातल्या बिग मॅकमध्ये पावाचे तीन थर असतात आणि सॉस खालच्या दोन थरांवर असतो, त्यावर बारीक कांदा, मग बारीक चिरलेलं लेट्यूस. लेट्यूस चिरलेलं असण्याला कारण आहे. सॉस त्या कातरणात अडकून राहतो आणि चावताना मागून बाहेर येत नाही. अख्खं पान ठेवलं की पॅटी त्यावरून घसरते. आइसबर्ग न मिळाल्यास कोबीचा आतला कोवळा भाग केसासारखा बारीक चिरा, बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि फडक्यावर पूर्ण कोरडा करा.

पावाची कापलेली बाजू तव्यावर लोणी लावून बदामी होईपर्यंत भाजा. भाजलेली बाजू सॉसचं पाणी लवकर शोषत नाही. लादी पाव वापरायला हरकत नाही. बनइतका तो गोड नसतो आणि ह्या सॉसला ते उलट मानवतं. एका बर्गरला दोन्ही बाजू मिळून साधारण दीड मोठा चमचा सॉस पुरे. त्याहून जास्त घातलात तर हातावर, कोपरावर आणि शर्टावर.

आलू टिक्कीच्या बर्गरला काही जणांना टोमॅटोचीच चव हवी असते, कारण भारतातल्या मॅकआलू टिक्कीत टोमॅटो मेयोनीजच असतं. मग तसं करा: १०० ग्रॅम मेयोनीज, २ मोठे चमचे केचप, अर्धा लहान चमचा व्हिनेगर, चिमूट ब्याडगी, चिमूट कांदा पावडर. मुरवायचीही गरज नाही. पण मग त्यात रेलिश घालू नका. केचप आणि रेलिश दोन्ही घातले की तो थाउझंड आयलंड ह्या सॅलडच्या ड्रेसिंगच्या वळणावर जातो. कॅलिफोर्नियातल्या इन-एन-आउट बर्गरवाल्यांचा स्प्रेड त्याच कुळातला, आणि तिथल्या कांदा परतलेल्या बर्गरला तो शोभतोही. बटाट्यावर मात्र फार गोड होतो.

किती टिकतो

विकतच्या मेयोनीजचा सॉस स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत, फ्रिजच्या आतल्या बाजूला आठवडाभर. दाराच्या कप्प्यात नको, तिथे दर वेळी दार उघडताना तो तापतो. दुधाच्या किंवा शिजवलेल्या अंड्याच्या घरच्या मेयोनीजचा तीन दिवसांत संपवा. प्रत्येक वेळी कोरडा चमचा घ्या. फ्रीझरमध्ये ठेवू नका, वितळल्यावर तेल आणि पाणी वेगळं होतं. रेलिश आणि मस्टर्ड मात्र वेगवेगळ्या बाटल्यांत फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहतात, म्हणून ती दोन्ही जास्त करून ठेवावीत आणि सॉस लागेल तेवढाच कालवावा.

जेवणाच्या टेबलावर वाटी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिली तर उरलेला सॉस परत बाटलीत ओतू नका. मुलांना डब्यात बर्गर द्यायचा असेल तर सॉस छोट्या डबीत वेगळा द्या, तोही विकतच्या मेयोनीजचाच. एप्रिल-मेच्या उन्हात तर तोही नको. त्या दिवशी पावाला हिरवी चटणी लावा.